देश न कळलेला पाहुणा

लग्न होऊन मी गोव्याच्या किनाऱ्यावर, मांद्र्याला आले तेव्हा सासरच्या घरामागे तीन खोल्या काही वर्षांपूर्वी बांधून झाल्या होत्या आणि त्यांत परदेशी पाहुणे उतरत होते. माझं माहेर कारापूरचं. तिथे परदेशी माणूस दिसायचा तो साखळीच्या बाजारात वाट चुकून आलेला, घामाघूम झालेला, हातात नकाशा उलटा धरलेला. त्यामुळे पहिल्या महिन्यात मला सगळे गोरे एकच वाटायचे. सगळ्यांची नाकं लाल, सगळ्यांच्या अर्ध्या चड्ड्या, सगळ्यांना हवं ते गार पाणी.

माझ्या सासूने मला यातून बाहेर काढलं. आमच्याकडे सासूला मांय म्हणतात. ही मांय म्हापशाच्या पलीकडे कधी गेली नव्हती. इंग्रजीतले तिला चार शब्द येत, त्यांतले दोन आकडे होते. पण सोप्यावर, म्हणजे पुढच्या पडवीतल्या बैठकीवर, बसून ती फाटकातून आत येणाऱ्या माणसाचा देश सांगायची आणि दहांतल्या नऊ वेळा बरोबर सांगायची. मी पासपोर्ट मागायच्या आधीच ती म्हणे, "चार पावलां चलूक दी तेका, मगे सांगतंय." पाहुणा चार पावलं चालला की ती अडकित्त्याने सुपारी कातरता कातरता देशाचं नाव टाकायची आणि पुन्हा सुपारीकडे वळायची.

मला हा खेळ फार आवडला. मी दुकानदाराची मुलगी. आमचे बाबा कारापूरच्या दुकानात मला सांगायचे की, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे नंतर बघ, आधी पायांकडे बघ. चपलेवरची लाल माती किती आणि कुठवर चढली आहे यावरून खाणीवरचा माणूस ट्रक चालवतो की फावडं मारतो हे ते ओळखायचे. तोच धडा मी मांद्र्यात पुढे चालू केला. सहा महिन्यांत मी बऱ्यापैकी तयार झाले.

इंग्रज माणूस दाराच्या चौकटीला खांदा लागला तरी चौकटीची माफी मागायचा. जर्मन माणूस चपला काढून त्या टोकं बाहेर करून ठेवायचा, म्हणजे निघताना सोपं पडावं, आणि बस किती वाजता येते हे विचारल्यावर "येईल आता" या उत्तराने त्याला खरोखर त्रास व्हायचा. फ्रेंच बाई पाव बशीत कधी ठेवायची नाही, टेबलावरच ठेवायची आणि चुरा तळहाताने गोळा करायची. जपानी मुलगी फोनवर बोलतानाही कमरेत वाकायची. आपल्याकडच्यांनाही मी सोडलं नाही. पुण्याचा माणूस पाणी फिल्टरचं आहे ना हे तीनदा विचारून चौथ्यांदा आपलंच पाणी प्यायचा, आणि दिल्लीचा माणूस गाडीतून न उतरताच हाक मारायचा.

रशियन तर आमच्या पट्ट्यात इतके झाले होते की त्यांना ओळखणं म्हणजे घरातलं मांजर ओळखण्याइतकं सोपं. पहिल्या दिवशी हसायचे नाहीत, तिसऱ्या दिवशी जेवायला बोलवायचे. आणि निघायच्या वेळी एक गोष्ट हमखास करायचे. सगळं सामान बांधून झालं, गाडी दारात उभी राहिली की बॅगेवर नाहीतर पायरीवर मिनिटभर गप्प बसायचे. सगळे जण, पोरांसकट. मग उठायचे आणि मागे न बघता जायचे. पहिल्यांदा मला वाटलं काहीतरी राहिलं असेल, म्हणून मी विचारायला धावले, तर त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. त्यांच्याकडे लांब जाताना तसं बसायची रीत आहे, हे मला नंतर कळलं.

मांयला हा नाद लागला कसा, हे मी पहिलं वर्षभर विचारलं नाही. वाटलं म्हातारपणाचा चाळा. मग एका दुपारी तांदूळ निवडताना तिने स्वतःच सांगितलं.

तिला दोन मुलगे. धाकटा माझा नवरा, पेडण्याला एका कचेरीत कारकून. थोरला, माझे भावजी, मी पाहिलेच नव्हते. विशीत ते बोटीवर नोकरीला गेले. दोन वर्षं पत्रं आली, मग एक कार्ड आलं, त्यावर कुठल्यातरी बंदराचं चित्र होतं आणि मागे चार ओळी. मग काहीच नाही. ज्या माणसाने नोकरी लावली होती त्याचं मुंबईतलं ऑफिस बंद झालेलं. नवऱ्याने खूप पत्रव्यवहार केला, त्यातून काही हाती लागलं नाही.

"तो येतलो," मांय म्हणाली, "पण गेलो तसो येवचो नाय. माणूस रवता थंयचो जाता. खंयच्या तरी देशाचो जावन येतलो. चलणां बदललेलां असतलां, खाणां बदललेलां असतलां. माका तेका वळखूक नको?"

एवढं बोलून ती पुन्हा तांदळातले खडे काढू लागली. मी तिच्या हाताकडे बघत राहिले. मला स्वतःची लाज वाटली. मी जो खेळ समजत होते तो तिचा अभ्यास होता. जगातल्या प्रत्येक देशाची चाल तिने शिकून ठेवली होती, कारण त्यांतली कुठली अंगावर घेऊन मुलगा फाटकातून आत येईल हे तिला माहीत नव्हतं.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी भावजींची खबर नसल्याला बारा वर्षं पूर्ण झाली. आमच्यात बारा वर्षं माणसाचा पत्ता नसेल तर पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा पुतळा करून त्यालाच अग्नी देतात. पुतळ्याला अग्नी दिला की तो माणूस गेला असं धरायचं. मग सुतक, मग दरवर्षी म्हाळाला, म्हणजे भाद्रपदातल्या श्राद्धाला, त्याच्या नावाचा पिंड. त्याआधी नाही. भटजींनी नवऱ्याला बाजूला घेऊन हे समजावलं होतं. नवऱ्याच्या मनाने ते घेतलं. तो मला म्हणाला, "दादा जिवंत असेल तर त्याला कुणी जेवायला घालतंय. नसेल तर बारा वर्षं उपाशी आहे. आपण काय करतोय?"

चवथ झाल्यावर, गणपती पोचवल्यावर, त्याने आईजवळ विषय काढला.

"आये, बारा वर्सां झाली."

"झाली तर झाली. कोण मेलां ह्या घरात? तुका कोणी सांगलां?"

"कोणी सांगलां नाय म्हणानच तर..."

"मगे गप रव. जित्या माणसाक आग लावतलंस?"

तिचा आवाज चढला नव्हता, पण नवरा उठून बाहेर गेला. आई हो म्हणाल्याशिवाय तो ते करणार नव्हता आणि आई हो म्हणणार नव्हती. त्या आठवड्यात घरात दोघंही माझ्यामार्फत बोलत होती. मला त्या बारा वर्षांचा राग यायला लागला होता, खोटं कशाला सांगू. ज्या माणसाला मी पाहिलंही नव्हतं तो जेवणाच्या वेळी आमच्या तिघांच्या मध्ये बसलेला असायचा.

आणि त्याच आठवड्यात, सोमवारी सकाळी, तो पाहुणा आला.

मोसम सुरू व्हायला अजून महिना होता. किनाऱ्यावर झोपड्या उभ्या राहिल्या नव्हत्या, समुद्र गढूळ होता, खोल्यांच्या भिंतींना पावसाची ओल होती. भाड्याची मोटरसायकल चालवणाऱ्या पायलटने त्याला फाटकाशी सोडलं. उंच, पस्तिशीचा, राखाडी डोळ्यांचा, उन्हाने रापलेला माणूस. खांद्यावर एक कापडी बॅग. मांय सोप्यावर होती. मी ओट्यावर उभी राहून नेहमीप्रमाणे त्याची पावलं मोजू लागले.

चार झाली. सहा झाली. मला काहीच कळेना.

त्याच्या चालण्यात कुठलाच देश नव्हता. म्हणजे तो सावकाश चालला, पावलं बाहेरच्या कडेवर टाकत, एक खांदा किंचित पाडून. हे कुणाचं म्हणायचं? मी मांयकडे बघितलं. तिच्या हातातला अडकित्ता उघडा राहिला होता.

पाहुणा खालच्या पायरीशी आला. चिऱ्याची पायरी ती, कडा झिजलेली. त्याने वर यायच्या आधी डावा पाय त्या पायरीवर दोनदा आपटला. ठक ठक. मग वर आला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि खोली मागितली.

"खंयचो गो हो?" तो मागे गेल्यावर मी मांयचीच नक्कल करून तिला विचारलं.

 ती पायरीकडे बघत होती.

फॉर्म भरायला मी पासपोर्ट उघडला आणि मला हसूच आलं. रशियन! ज्यांना मी रस्त्याच्या पलीकडून, पाठमोरे, छत्रीखाली असले तरी ओळखायचे, त्यांतला हा एक, आणि मला कळला नाही. मी जाऊन मांयला सांगितलं. तिने मान हलवली. "न्हय," ती म्हणाली, "कागद कायय सांगूं दी."

त्या दिवसापासून मी त्याच्यावर नजर ठेवली. हट्टच धरला म्हणा. मला माझं हसं झालेलं सहन होत नाही, ते कुणी पाहिलेलं नसलं तरी.

तो बाहेरून आला की विहिरीजवळच्या दगडावर पाय धुवायचा. परदेशी लोक पाय धुतात ते वाळू काढायला, पुढून पाणी ओततात आणि पाय झटकतात. हा तांब्या डाव्या हाताने मागे नेऊन आधी टाचांवर पाणी घालायचा, मग वाकून पावलांवर. न बघता. पाण्याचा एक थेंबही चड्डीवर उडायचा नाही. सकाळी पदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंगा वाजला की तो स्वतः फाटकाशी जाऊन उंडे घ्यायचा, ते कडक कवचाचे पाव. ते तो मधून फोडायचा, आतला मऊ भाग काढून बोटांत गोल गोल वळायचा आणि ती गोळी शर्टाच्या खिशात टाकायचा. मग उरलेलं कवच चहात बुडवून खायचा. त्याला विचारावं असं फार वाटलं. पण काय विचारणार? की बाबा, तू असा का आहेस?

गुरुवारी त्याचे कपडे धुवायला आले. खिशात त्या गोळ्या होत्या, वाळून खड्यासारख्या झालेल्या. मी त्या टाकायला निघाले, तर मांय मागे उभी. तिने हात पुढे केला. मी गोळ्या तिच्या हातावर ठेवल्या. तिने त्या नारळाच्या करवंटीत घातल्या आणि करवंटी फडताळात ठेवली. तिचा चेहरा बघून मी कपड्यांची बादली उचलली आणि विहिरीवर गेले. चार दिवस तिने सुपारी कातरली नव्हती. दुपारी जेवून सगळं घर आडवं होतं, अशा वेळी ती सोप्यावर ताठ बसून मागच्या खोलीतल्या हालचाली ऐकायची. दार उघडलं की तिची मान वळायची, त्याच्या पावलांबरोबर हळूहळू फिरायची.

मला तोवर खरंच काही कळलं नव्हतं, कारण कळायला जे लागतं ते माझ्याजवळ नव्हतं.

रविवारी नवरा घरी होता. एरवी तो पहाटेच्या बसने पेडण्याला जायचा आणि दिवेलागणीला यायचा, त्यामुळे पाहुण्याशी त्याची गाठ पडली नव्हती. दहा वाजले असतील. स्वच्छ ऊन होतं. नवरा पडवीत पायरीकडे पाठ करून पेपर वाचत होता, मी त्याला चहा देत होते. तेवढ्यात पाहुणा किनाऱ्यावरून आला आणि पायरीवर आवाज झाला. ठक ठक.

नवऱ्याने पेपरातून डोकं वर न काढता, मागे न बघता म्हटलं, "दादा, चाय घे."

आणि मग त्याने आपण काय बोललो ते ऐकलं.

कप माझ्या हातात होता की त्याच्या हातात, मला आठवत नाही. चहा सांडला एवढं खरं. पाहुणा आमच्या दोघांकडे बघून थोडा हसला, विहिरीकडे गेला, डाव्या हाताने तांब्या मागे नेला आणि टाचांवर पाणी ओतलं. नवरा उठून उभा राहिला होता. 

"तुका आज कळलां," सोप्यावरून मांय म्हणाली. "माका सोमारीच कळलेलां."

मग त्यांनी मला सांगितलं, एकमेकांची वाक्यं तोडत, कुजबुजत, जणू तो ऐकेल आणि त्याला मराठी कळेल. लहानपणी भावजी दिवसभर खाडीत असायचे. येताना पायाला वाळू असायची, वाळू घरात आणली की वडील मारायचे, म्हणून पायरीवर डावा पाय आपटायचा. डावाच, कारण उजव्या पायात काच गेली होती आणि तो बरेच दिवस दुखत होता. पाणी टाचांवर आधी, कारण विहिरीवर वडील तसं शिकवायचे. आणि पावाच्या आतला मऊ भाग हा गळाला लावायचं आमिष. वळून खिशात ठेवायचा आणि मग खाडीवर पळायचं.

पाहुणा आठवडाभरात एकदाही गळ घेऊन बसला नव्हता. तरी रोज गोळ्या वळत होता.

मी हुशार समजत होते स्वतःला. साऱ्या जगाच्या खुणा शिकले होते, आणि हा माणूस ज्या ठिकाणच्या खुणा घेऊन फिरत होता ते ठिकाण म्हणजे आमचंच घर. मला त्या घराचीच माहिती कमी पडली होती. 

"तो दादा नाय," नवरा म्हणाला. "दादाचे डोळे..."

"माका डोळे कळतत," मांय म्हणाली. "मी आंधळी नाय." मग ती माझ्याकडे वळली. "तुका इंग्लिश येता. तेका इचार, पाय असे धुवूक तुका कोणी शिकयलां?"

नवऱ्याने आतून भावजींचा जुना फोटो आणला. आम्ही पाहुण्याला पडवीत बोलावलं. तो आला, खुर्चीवर बसला. समोर सोप्यावर मांय, भिंतीला टेकून नवरा, आणि मध्ये मी. मी मांयचा प्रश्न त्याला विचारला.

त्याला आधी प्रश्नच कळला नाही. मग त्याने खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. ते पाय त्याने बहुधा पहिल्यांदाच पाहिले होते. त्याचं इंग्रजी माझ्याहून तुटकं होतं, पण जे बोलला ते मला स्वच्छ कळलं. तोही बोटीवर काम करायचा. एका बोटीवर त्याच्या खालच्या फळीवर एक माणूस झोपायचा. दोन वर्षं एकाच खोलीत. तो काय करायचा ते बघून बघून आपल्यालाही ती सवय लागली असेल, तो म्हणाला, आपल्या लक्षात नाही आलं. त्या माणसाचं नाव? बोटीवर कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. त्याला सगळे "गोवा" म्हणायचे. म्हणूनच आपण हा प्रदेश बघायला आलो.

मी फोटो दिला. त्याने उन्हाकडे धरून पाहिला. दाढी होती त्याला, तो म्हणाला. असेल. सांगता येत नाही.

"आणि तो आता कुठे आहे?" मी विचारलं.

त्याने फोटो मला परत दिला. माझ्याकडे बघत तो म्हणाला की वाऱ्यापावसाचा दिवस होता, भर दिवसाची वेळ, तो माणूस वर डेकवर काही बांधायला गेला. नंतर हजेरी झाली तेव्हा एक कमी भरला. बोट मागे वळवली, दोन तास शोधलं.

एवढंच. 

"काय म्हणता तो?" मांयने विचारलं.

नवऱ्याला इंग्रजी वाचता यायचं, पण तुटकं बोललेलं पकडता यायचं नाही. तोही माझ्याकडे बघत होता. त्या घरात ते वाक्य फक्त माझ्याजवळ होतं. गेला आठवडाभर मी मनातल्या मनात म्हणत होते, लागू दे एकदाचा निकाल. आता निकाल माझ्या तोंडात होता आणि माझ्याने तो बाहेर काढवेना.

"म्हणतो, एका बोटीवर दोघं बरोबर होते," मी सांगितलं. "मग तो माणूस एका बंदरात उतरला. दुसरी नोकरी मिळाली त्याला. बरा होता."

नवऱ्याने मोठा श्वास सोडला. मांयने मान हलवली, देवाला जोडतात तसे पाहुण्याला हात जोडले, आणि आत गेली. पाहुणा आपल्या खोलीत गेला. मला वाटलं, झालं, मी निभावून नेलं.

संध्याकाळी चुलीशी मी भाकऱ्या थापत होते. मांय येऊन पाटावर बसली.

"गो," ती म्हणाली, "बरी खबर आणणारो आयेच्या तोंडाकडे बघता. तो सगळो वेळ तुज्याकडे बघी होतो."

माझा हात पिठात थांबला. मी तिची माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.  मी रडले, ती रडली नाही. भाकरी तव्यावर करपली ती तिने उलटली. थोड्या वेळाने नवरा आला, त्याला मी खरं काय ते सांगितलं. मग ती त्याला म्हणाली, "भटाक सांग. म्हाळाच्या आधी करूया."

विधी बुधवारी सकाळी खाडीच्या काठी झाला. बायका तिथे जात नाहीत. मी आणि मांय परसात उभ्या होतो. माडांच्या मधून धूर दिसला, फार नव्हता, पानांचा असतो तेवढाच. पाहुणा त्याच्या खोलीच्या दारात उभा होता. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. धूर दिसत होता तोवर तो उभा राहिला, मग आत गेला आणि दार लावून घेतलं. मांयने फडताळातली करवंटी काढली, परसामागच्या उतरणीवरून खाली पाण्यापर्यंत गेली आणि पावाच्या गोळ्या एकेक करून पाण्यात टाकल्या. त्या भिजेपर्यंत थांबली. मग पाण्यावर तोंडं दिसली, लहान लहान मासे, आणि गोळ्या गेल्या. तिने करवंटी पाण्यात सोडून दिली.

दुपारी पाहुणा बाहेर जाऊन आला. मी स्वयंपाकघरात होते. फाटक वाजलं तसे माझे कान पायरीकडे लागले. मला तो आवाज नको होता, आणि तरी मी त्याची वाट बघत होते. आवाज आलाच नाही. तो सरळ वर चढून आला होता. विहिरीवर गेला, तांब्या भरला, पुढून पावलांवर भसकन पाणी ओतलं, चड्डी भिजवून घेतली आणि पाय झटकले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने उंडा सबंध खाल्ला, चावून चावून, आतल्या मऊ भागासकट. मी खिडकीतून बघत होते. त्याने मुद्दाम केलं असेल का? आमचा रविवारचा चेहरा बघून, आपल्याला लागलेली सवय या लोकांना त्रास देते हे कळून, सोडली असेल? मी स्वतःला तसंच सांगते. पण मी त्याचा चेहरा पाहिला आहे. त्याला आपण काही सोडलंय हे माहीतच नव्हतं.

त्याच दिवशी दहा वाजता तो निघाला. पायलट फाटकाशी येऊन उभा होता. मांय सोप्यावर होती, सुतकातली, केस मोकळे. पाहुण्याने बॅग आणून अंगणात ठेवली. पायलटने हॉर्न वाजवला. पाहुण्याने तिकडे लक्ष दिलं नाही. तो बॅगेवर बसला, हात गुडघ्यांवर ठेवले आणि मिनिटभर गप्प राहिला. मग उठला, बॅग खांद्यावर टाकली आणि भरभर, खांदे ताठ, पावलं सपाट टाकत फाटकाकडे गेला. मागे बघितलं नाही. चौथ्या पावलाला तर कुणीही ओळखलं असतं.

"रशियन," मांय म्हणाली.

मोटरसायकलचा आवाज वळणावर गेला. ती तरी थोडा वेळ बसून होती. मग उठली, अडकित्ता आणि सुपारीचं तबक उचललं आणि आत घेऊन गेली. पुढे ती नऊ वर्षं जगली, आमच्याकडे सगळ्या जगाचे पाहुणे येऊन गेले, पण कोण कुठल्या देशाचा हे बघायला ती पुन्हा सोप्यावर बसली नाही.